‘थांबा’ की ‘तयारीत राहा’?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले तीन आठवडे आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात डोनाल्ड ट्रम्प यांच्या जुन्या विधानांवरून वाद रंगला आहे. एका पत्रलेखकाने लिहिले की ट्रम्प यांनी नवनाझींना ‘भले लोक’ म्हटले. पुढच्या आठवड्यात दुसऱ्यांनी ती निव्वळ थाप ठरवली. ट्रम्प यांनी उलट नवनाझींचा निषेधच केला होता, असे त्यांचे म्हणणे. तिसऱ्यांनी ‘प्राउड बॉइज’ या अमेरिकेतल्या कडव्या उजव्या संघटनेला दिलेल्या ‘तयारीत राहा’ या कथित आदेशाचा दाखला देऊन पहिल्यांची कड घेतली. तिन्ही पत्रे तळमळीने लिहिली आहेत आणि तिन्हींमध्ये एकेक अर्धे वाक्यच उद्धृत केले आहे. त्या वाक्याआधी कोणता प्रश्न विचारला गेला आणि नंतर काय बोलले गेले, हे एकाही पत्रात नाही. आपल्या संपादकीय टिपेतही नव्हते. इंग्रजी बातमी मराठीत आणताना काय निसटते हे रोज पाहणाऱ्या आम्हा तिघांना हे राहवले नाही, म्हणून पत्र लांबले तरी सविस्तर लिहितो.

आधी घटना. व्हर्जिनिया राज्यातल्या शार्लट्सव्हिल या शहरात जनरल रॉबर्ट ली यांचा अश्वारूढ पुतळा होता. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांच्या सैन्याचे ली हे सेनापती. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगरपरिषदेने पुतळा हटवण्याचा ठराव केला. ११ ऑगस्ट २०१७ च्या शुक्रवारी रात्री शेकडो लोकांनी व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आवारात मशाल मोर्चा काढला. ‘ज्यूंना आमची जागा घेऊ देणार नाही’ ही त्या मोर्चातली घोषणा चित्रफितींत स्पष्ट ऐकू येते. दुसऱ्या दिवशी पुतळ्यापाशी ‘उजव्यांनो, एक व्हा’ अशा अर्थाच्या नावाची सभा ठरली होती. सभा सुरू होण्याआधीच हाणामाऱ्या झाल्या आणि पोलिसांनी जमाव बेकायदा ठरवला. दुपारी एका तरुणाने विरोधी निदर्शकांच्या गर्दीत मोटार घातली. हेदर हायर ही ३२ वर्षांची स्त्री मरण पावली आणि अनेक जण जखमी झाले. बंदोबस्तावरचे हेलिकॉप्टर कोसळून राज्य पोलिसांचे दोन कर्मचारीही गेले.

यानंतर चार दिवसांत ट्रम्प तीनदा बोलले, आणि वादातला निम्मा गोंधळ ही तीन विधाने एकात एक मिसळल्यामुळे झाला आहे. १२ ऑगस्टला न्यू जर्सीतून त्यांनी द्वेष आणि हिंसाचाराचा निषेध केला, पण तो हिंसाचार ‘अनेक बाजूंनी, अनेक बाजूंनी’ झाल्याचे दोनदा म्हटले आणि कोणत्याही गटाचे नाव घेतले नाही. त्यावर टीका झाल्यावर १४ ऑगस्टला व्हाइट हाउसमधून लिहून आणलेले निवेदन वाचले. त्यात कू क्लक्स क्लॅन (कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची जुनी संघटना), नवनाझी आणि गौरवर्चस्ववादी (गोऱ्यांना इतरांहून श्रेष्ठ मानणारे) यांची नावे घेऊन निषेध होता. १५ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या ट्रम्प टॉवरमध्ये पत्रकार परिषद झाली. विषय रस्ते-पुलांच्या परवानग्यांचा होता. पत्रकारांनी शार्लट्सव्हिलचे प्रश्न विचारले. ‘भले लोक’ हे शब्द या तिसऱ्या दिवशीचे, आणि ते कागदावरून वाचलेले नसून तोंडातोंडी, एकमेकांचे बोलणे तोडत झालेल्या प्रश्नोत्तरांतले आहेत.

आता तो उतारा सलग पाहावा. पत्रकार म्हणतो, याची सुरुवात नवनाझींनी केली, ते निषेध करायला शार्लट्सव्हिलला आले. ट्रम्प त्याला तोडून म्हणतात, त्या गटात काही फार वाईट लोक होते, पण असेही लोक होते की जे फार चांगले होते, दोन्ही बाजूंना. पुढे ते म्हणतात की त्या गटात पुतळा हटवण्याचा आणि उद्यानाचे नाव बदलण्याचा निषेध करायला आलेले लोक होते. कोणी तरी म्हणते, जॉर्ज वॉशिंग्टन आणि ली सारखे नाहीत. मग वॉशिंग्टन आणि जेफरसन यांच्याकडेही गुलाम होते, त्यांचेही पुतळे काढणार का, असे ट्रम्प विचारतात. याच ओघात पुढचे शब्द येतात: ‘मी नवनाझी आणि गौरराष्ट्रवाद्यांबद्दल बोलत नाही, कारण त्यांचा पूर्णपणे निषेध व्हायला हवा. पण त्या गटात नवनाझी आणि गौरराष्ट्रवादी सोडून इतर पुष्कळ लोक होते.’ आणि माध्यमांनी त्या लोकांवर अन्याय केला, अशी पुस्तीही. (गौरराष्ट्रवादी म्हणजे देश गोऱ्यांचाच असावा असे मानणारे.)

इथेच एक पत्रकार सरळ विचारतो की मला समजले नाही, माध्यमांनी गौरराष्ट्रवाद्यांवर अन्याय केला असे तुम्ही म्हणता आहात का. आम्हाला विचाराल तर संपूर्ण पत्रकार परिषदेतला सर्वांत कामाचा प्रश्न हाच. ट्रम्प ‘नाही, नाही’ म्हणतात आणि स्पष्टीकरण देतात: मी आदल्या रात्रीचे पाहिले, पुतळा हटवण्याचा अगदी शांतपणे निषेध करणारे लोक तिथे होते, त्यांच्याकडे परवानगी होती, दुसऱ्या गटाकडे नव्हती.

या उताऱ्याला कात्री कुठे लागते ते बघा. मोबाइलवर फिरणारी एक फीत ‘दोन्ही बाजूंना’ या शब्दांवर संपते. तिचे उत्तर म्हणून फिरणारी दुसरी फीत ‘मी नवनाझींबद्दल बोलत नाही’ इथे सुरू होते आणि ‘आदल्या रात्री’ येण्याआधी थांबते. पहिली पाहणाऱ्याला निषेध ऐकूच येत नाही. दुसरी पाहणाऱ्याला हे कळत नाही की ज्या शांत निषेधाचा दाखला दिला ती रात्र मशालींची आणि ज्यूंविरुद्धच्या घोषणांची होती. दोन्ही फिती अस्सल आहेत, एकही शब्द बनावट नाही, तरी दोन्हींनी माणूस चुकीच्या जागी जाऊन पोहोचतो.

आमचे मत स्पष्ट सांगतो. ‘ट्रम्प यांनी नवनाझींना भले लोक म्हटले’ हे वाक्य शब्दशः चूक आहे आणि आपल्या अंकात ते दुरुस्तीविना राहायला नको होते. ज्यांना भले म्हटले त्यांतून नवनाझी वेगळे काढल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. पण म्हणून दुसऱ्या पत्रलेखकाची बाजू खरी ठरत नाही. वेगळे काढून जे उरतात असे ट्रम्प सांगतात, ते लोक तिथे होते कुठे, हा प्रश्न शिल्लक राहतो. सभा गौरराष्ट्रवाद्यांनी बोलावली होती, वक्तेही त्यांचेच होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये दिवाणी खटल्यात ज्युरींनी आयोजक आणि संबंधित संघटनांना अडीच कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यायला सांगितले. शांतता राखायला आलो, असे सांगणारे काही शस्त्रधारी गट त्या दिवशी तिथे होते हे खरे. पण पुतळ्यावरच्या प्रेमापोटी आलेल्या आणि या मंडळींशी देणेघेणे नसलेल्या लोकांचा ‘पुष्कळ’ म्हणावा असा जमाव तिथे होता, असे दिसत नाही. परवानगीबद्दलचे विधानही टिकत नाही, कारण विरोधी निदर्शकांकडे जवळच्या दोन उद्यानांची परवानगी होती.

म्हणजे इथे तीन वेगळे प्रश्न आहेत: तो माणूस काय बोलला, जे बोलला ते घडलेल्या गोष्टींशी जुळते का, आणि ऐकणाऱ्यांनी त्यातून काय घेतले. आपल्या पत्रव्यवहारात एक जण पहिल्याचे उत्तर देतो, समोरचा ते दुसऱ्याचे उत्तर समजून खोडतो आणि तिसरा मधेच तिसऱ्याचा पुरावा आणतो. जून २०२४ मध्ये ‘स्नोप्स’ या तथ्यतपासणी करणाऱ्या संकेतस्थळाने ट्रम्प यांनी नवनाझींना भले म्हटल्याचा दावा असत्य ठरवला, तेव्हाही हेच झाले. ट्रम्पसमर्थकांना तो विजय वाटला. त्या संकेतस्थळाला संपादकीय टीप जोडावी लागली, की आमचा निर्णय ट्रम्प काय बोलले एवढ्यापुरता आहे, ते बोलणे बरोबर होते असा त्याचा अर्थ नाही.

तिसऱ्या प्रश्नाचा पुरावा वापरताना तर फारच जपावे लागते. क्लॅनचे माजी नेते डेव्हिड ड्यूक यांनी १५ ऑगस्टलाच ट्रम्प यांचे जाहीर आभार मानले. यावरून विधानाचा परिणाम काय झाला ते कळते, हेतू काय होता ते कळत नाही. आभार मानणाऱ्याला स्वतःचा लाभ असतो. तो विधान आपल्या सोयीने वाचणारच. आपल्याकडे निवडणुकीत एखाद्या गावाने ‘साहेबांनी आम्हाला शब्द दिला’ म्हणावे, तेवढीच या आभारांची किंमत. मात्र परिणामाची नोंद वगळायचीही नाही. दुसऱ्याच दिवशी, १६ ऑगस्टला, उद्योगपती एकेक करून बाहेर पडल्यामुळे अध्यक्षांच्या दोन सल्लागार समित्या मोडल्या, हाही त्याच विधानांचा परिणाम होता.

आता मराठीकडे येतो, कारण आपल्या वाचकांपुढे इंग्रजी येतच नाही, आपण छापलेले मराठी येते. १२ ऑगस्टच्या विधानात हिंसा ‘अनेक बाजूंनी’ झाली, असे आहे. १५ ऑगस्टला चांगले लोक ‘दोन्ही बाजूंना’ होते, असे आहे. एकात ‘नी’, एकात ‘ना’. आपल्या अंकातल्या टिपेत ‘दोन्ही बाजूंनी चांगले लोक आले होते’ असे छापून आले. या ‘नी’मुळे दोन तुल्यबळ फौजा समोरासमोर उभ्या ठाकल्याचे चित्र तयार होते आणि दोन दिवसांची दोन विधाने एक होऊन बसतात. एका अक्षराची ही चूक प्रूफ वाचणाऱ्याच्या नजरेला खटकत नाही, कारण व्याकरणाने दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत.

तसेच निषेधाचे. मूळ वाक्यात निषेध ‘व्हायला हवा’ असे आहे, कर्ता नाही. मराठी मथळ्यात त्याचे ‘मी निषेध करतो : ट्रम्प’ झाले. दुसऱ्या टोकाला एका पत्रात ‘त्यांनी निषेध करायला नकार दिला’ झाले. दोन्ही ठिकाणी भाषांतरकाराने आपला कर्ता आणून बसवला. ‘त्यांचा पूर्णपणे निषेध व्हायला हवा’ हे मराठीत अगदी सहज बसणारे वाक्य आहे. ते तसेच ठेवावे.

‘प्राउड बॉइज’ची गोष्ट याहून कठीण आहे, आणि इथे आमचे मत पहिल्या आणि तिसऱ्या पत्रलेखकांच्या जवळ जाते. २९ सप्टेंबर २०२० ला क्लीव्हलँडमध्ये ट्रम्प आणि बायडेन यांची पहिली जाहीर चर्चा झाली. सूत्रसंचालक ख्रिस वॉलेस यांनी विचारले, की गौरवर्चस्ववादी आणि शस्त्रधारी गटांचा निषेध करून त्यांना ‘स्टँड डाउन’ म्हणायला आपण आज तयार आहात का. ट्रम्प म्हणाले, हो, तयार आहे; पण मला दिसतो तो जवळपास सगळा हिंसाचार डाव्यांकडून होतो. मग म्हणा ना, असा आग्रह झाल्यावर त्यांनी विचारले, कोणाचा निषेध करू, नाव सांगा. बायडेन यांनी ‘प्राउड बॉइज’ हे नाव घेतले. त्यावर ट्रम्प यांचे शब्द आले: ‘प्राउड बॉइज, स्टँड बॅक अँड स्टँड बाय.’ आणि लगेच पुढे, अँटिफा (फॅसिझमविरोधी म्हणवणारे डावे) आणि डाव्यांचे कोणी तरी काही तरी केले पाहिजे, कारण ही उजव्यांची नव्हे, डाव्यांची समस्या आहे.

प्रश्नात ‘डाउन’ होते, उत्तरात ‘बाय’ आले. मराठीत या दोन्हींचे ‘थांबा’ करून मोकळे होता येते आणि सगळा वाद त्या एका शब्दात गडप होतो. मोर्चा चौकात आला की पोलीस हात करून ‘थांबा’ म्हणतो. दवाखान्यात कंपाउंडर ‘थांबा, नंबर आला की बोलावतो’ म्हणतो. भांडण पेटले की कोणी जाणता माणूस मधे पडून ‘थांबा, पुरे झाले’ म्हणतो. तिन्ही ‘थांबा’ वेगळे. ‘स्टँड डाउन’ म्हणजे तिसरा: आवरा, आपापल्या घरी जा. ‘स्टँड बाय’ म्हणजे दुसरा: जागा सोडू नका, बोलावणे येईल. आपल्या अंकात ‘मागे व्हा आणि थांबा’ असे छापले गेले. ते वाचून वाचकाला वाटले की ट्रम्प यांनी आवरायलाच सांगितले, मग ओरड कसली? याउलट काही ठिकाणी ‘सज्ज व्हा’ असे भाषांतर झाले. तेही आम्हाला मान्य नाही. ‘सज्ज’मध्ये शस्त्र उचलल्याची छटा येते आणि ‘स्टँड बॅक’मधली मागे सरण्याची सूचना पार पुसली जाते. ‘मागे व्हा आणि तयारीत राहा’ हे त्यातल्या त्यात जवळचे. त्याच्या शेजारी मूळ इंग्रजी शब्द देवनागरीत द्यावेत, कारण इथे भांडण शब्दाचेच आहे.

ती जिभेची चूक होती का? तसे समजायला थोडी जागा आहे. बोलणे एकमेकांत अडकले होते, तिघेही एकाच वेळी बोलत होते. दुसऱ्या दिवशी ट्रम्प म्हणाले की प्राउड बॉइज कोण हे मला माहीत नाही, त्यांनी ‘स्टँड डाउन’ केले पाहिजे. म्हणजे शब्द दुरुस्त केला. १ ऑक्टोबरच्या रात्री एका दूरचित्रवाणी मुलाखतीत क्लॅन, सर्व गौरवर्चस्ववादी आणि प्राउड बॉइज यांचा नाव घेऊन निषेध केला. ही दुरुस्ती सांगितल्याशिवाय आदल्या दिवसाचे वाक्य छापणे अन्यायाचे आहे. पण वाक्याच्या शेपटीचाही विचार करावा लागतो. निषेध करायला नाव मागून घेतले आणि नाव मिळाल्यावर निषेधाऐवजी सूचना दिली, मग बोट दुसऱ्या गटाकडे वळवले. जीभ घसरते ती एका शब्दापुरती. सगळे उत्तर ज्या दिशेने गेले त्याचा उलगडा त्याने होत नाही. संघटनेच्या लोकांनी तर त्या रात्रीच ते शब्द आपल्या बोधचिन्हावर चढवले.

पुढे ६ जानेवारी २०२१ ला अमेरिकी संसदेवर हल्ला झाला. या संघटनेचे प्रमुख एन्रिके टॅरियो मे २०२३ मध्ये राजद्रोहाच्या कटात दोषी ठरले, सप्टेंबरमध्ये त्यांना २२ वर्षांची शिक्षा झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. तिसऱ्या पत्रात हे सगळे २०२० च्या वाक्याच्या अर्थाचा पुरावा म्हणून आले आहे. ही पद्धत चुकीची आहे. नंतरच्या घटनेने आधीच्या वाक्याचा अर्थ ठरत नाही. ती माफी हे स्वतंत्र कृत्य आहे, तिचा जाब स्वतंत्रपणे विचारावा. तारखा क्रमाने लावल्या की हे आपोआप सुटे होते.

मागचा इतिहास पाहताना दोन्हीकडचा पाहावा. फेब्रुवारी २००० मध्ये रिफॉर्म पक्ष सोडताना ट्रम्प यांनी त्या पक्षात ड्यूक हे क्लॅनवाले असल्याचे कारण दिले होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये एका पत्रकार परिषदेत ड्यूक यांचा पाठिंबा त्यांनी झटकला, आणि दोनच दिवसांनी दूरचित्रवाणीवर, मला ड्यूकबद्दल काही माहीत नाही, असे म्हटले. नंतर कानातले यंत्र खराब असल्याचे कारण दिले. यातला एकच तुकडा उचलला की हवा तो ट्रम्प तयार करता येतो. सगळे तुकडे ओळीने मांडले की दिसते ते असे: ते निषेध करतात, पण पहिल्या दमात आणि बिनशर्त क्वचित करतात, आणि एकदा केलेला निषेध पुढच्या बोलण्यात सैल पडतो. वादात हे म्हटले तर ते सिद्ध करता येईल.

गटांना काय म्हणायचे याचाही घोळ मिटवायला हवा. आपल्या अंकात या सर्वांना एकदा ‘जहाल’, एकदा ‘अतिरेकी’, एकदा नुसते ‘उजवे’ म्हटले गेले. ‘जहाल’ हा शब्द मराठीत लोकमान्यांच्या पक्षाचा आहे, जहाल आणि मवाळ शाळेपासून कानावर असतात. तो नवनाझींना लावू नये. ‘अतिरेकी’ म्हटले की वाचकाला सीमेपलीकडून येणारा बंदूकधारी दिसतो. ‘उजवे’ म्हणणे तर लाखो सामान्य मतदारांना याच पोत्यात घालणे होय. नवनाझी, गौरवर्चस्ववादी, गौरराष्ट्रवादी हे तीन शब्द अवघड वाटले तरी वेगळे ठेवावेत. ‘राष्ट्रवादी’ सुटा छापू नये, इथे त्याने पक्षच डोळ्यांपुढे येतो. अँटिफाला ‘संघटना’ म्हणतानाही विचार करावा. एफबीआयचे तेव्हाचे संचालक ख्रिस्तोफर रे यांनी सप्टेंबर २०२० मध्ये संसदेच्या समितीपुढे ती संघटना नसून चळवळ किंवा विचारप्रणाली असल्याचे सांगितले होते.

‘बंदी घातलेली संघटना’ हा शब्दप्रयोगही एका पत्रात आला आहे. आपल्याकडे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली सरकार अधिसूचना काढून संघटनेवर बंदी घालते, दहशतवादी संघटनांची यादी त्या कायद्याच्या परिशिष्टात असते. अमेरिकेत परदेशी दहशतवादी संघटनांची अशी कायदेशीर यादी आहे, देशांतर्गत संघटनांसाठी त्या धर्तीचा कायदा नाही. कॅनडाने फेब्रुवारी २०२१ मध्ये प्राउड बॉइजना दहशतवादी गटांच्या यादीत टाकले. अमेरिकेत तसे झालेले नव्हते. म्हणून ‘ट्रम्प यांनी बंदी घातलेल्या संघटनेची बाजू घेतली’ हे वाक्य कायद्याच्या अंगानेही उभे राहत नाही.

चुका होतात त्या अज्ञानाने कमी आणि घड्याळाने जास्त, हेही मान्य करायला हवे. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असते. १५ ऑगस्टची ती पत्रकार परिषद तिथे दुपारी चारच्या सुमाराला झाली, म्हणजे इथे रात्रीचा दीड. त्यात स्वातंत्र्यदिनाच्या सुटीमुळे १६ ऑगस्टला बहुतेक मराठी दैनिकांचा अंकच निघत नाही. बातमी छापायची वेळ आली ती १७ च्या अंकात, आणि तोवर मूळ उतारा मागे पडून प्रतिक्रियांवरच्या प्रतिक्रिया हाती आलेल्या असणार. क्लीव्हलँडची चर्चा सुरू झाली तेव्हा इथे ३० सप्टेंबरच्या पहाटेचे साडेसहा वाजले होते, अंक विक्रेत्यांच्या हातात पडलेला. १ ऑक्टोबरच्या अंकासाठी बातमी लिहायला दिवस मिळाला, पण ट्रम्प यांची दुरुस्ती आपल्या रात्री उशिरा आली. अक्कलकुवा, धडगावकडे जाणारी डाक आवृत्ती तोवर सुटलेली असते. शहर आवृत्तीत दुरुस्ती येते, डाक आवृत्तीत येत नाही, आणि एकाच जिल्ह्यातले दोन वाचक दोन वेगळ्या बातम्यांवरून भांडत राहतात. यावर उपाय एकच: डाक आवृत्तीत सुटलेला भाग दुसऱ्या दिवशी त्याच पानावर, त्याच जागी द्यायचा.

मथळ्यातल्या अवतरणचिन्हांचे तर तातडीने काही करा. मराठी मथळ्यांत एकेरी अवतरणात कधी नेत्याचे शब्द असतात, कधी उपसंपादकाने काढलेला सार. वाचकाला फरक कळायला मार्ग नाही. दुहेरी अवतरण फक्त बोललेल्या शब्दांच्या भाषांतराला ठेवा, साराला अवतरणच नको. आणि क्रियापदे: ‘भलामण केली’, ‘पाठराखण केली’, ‘गोंजारले’, ‘खडसावले’, ‘फटकारले’. यांतल्या प्रत्येकात निकाल आधीच दिलेला आहे. वादग्रस्त विधानाला ‘म्हणाले’ पुरते.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी १८ रविवार गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. समोर बसून ऐकणारा, बोलणाऱ्याची ढब ओळखणारा लेखक त्या शब्दांना लाभला. त्याच धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाच्या संशोधन मंडळात जुने कागद जपले आहेत आणि तिथे अभ्यासकाचा पहिला प्रश्न अस्सल की नक्कल हा असतो. खान्देशातल्या वाचकाला मूळ कागद दाखवा म्हणण्याची सवय नवी नाही. घाटाखाली गावोगाव अहिराणीत, ‘काय बोलना तो?’ हे विचारले जाते तेव्हा लोकांना शब्दच हवे असतात, आपण त्यांना सार देतो.

मूळ शब्द मिळवणे अवघडही राहिलेले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१७ ते २०२१ चे व्हाइट हाउसचे संकेतस्थळ जपून ठेवले आहे. १५ ऑगस्टचा पूर्ण वृत्तान्त तिथे आहे. अध्यक्षीय चर्चांचे आयोजन करणाऱ्या आयोगाने २०२० च्या चर्चेचे लेखी रूप संकेतस्थळावर दिले होते. लेखी रूप उघडल्यावर वादातल्या वाक्याच्या आधीचा प्रश्न शोधायचा, मग पुढे विषय बदलेपर्यंत वाचत जायचे. शार्लट्सव्हिलच्या बाबतीत विषय ‘परवानगी’च्या पुढे बदलतो, ‘भले लोक’पाशी नाही. त्यानंतर चित्रफीत लावून तोच भाग ऐकायचा, कारण कोण कोणाला तोडतो ते कागदावर दिसत नाही. ‘प्राउड बॉइज’च्या बाबतीत हे न करता मत देऊच नये. शेवटी पुढच्या तीन दिवसांत त्याच माणसाने त्याच विषयावर काय म्हटले ते पाहायचे. एका उपसंपादकाला याला अर्धा तास लागेल.

आमची मागणी एवढीच आहे. येत्या रविवारी १५ ऑगस्ट २०१७ चा उतारा पत्रकाराच्या प्रश्नापासून ‘परवानगी’पर्यंत आणि २९ सप्टेंबर २०२० चा उतारा वॉलेस यांच्या प्रश्नापासून ‘डाव्यांची समस्या’पर्यंत मराठीत सलग छापावा, खाली १४ ऑगस्ट आणि १ ऑक्टोबरच्या निषेधांच्या दोन ओळी द्याव्यात. एका स्तंभात तळहाताएवढी चौकट जेमतेम दुप्पट करावी लागेल. ‘दोन्ही बाजूंनी’ आणि ‘मागे व्हा आणि थांबा’ या दोन चुकांची दुरुस्ती त्याच चौकटीत, पान चारवरच, यावी. भाषांतर करून हवे असल्यास आम्ही शुक्रवार संध्याकाळपर्यंत पोहोचते करू.

कळावे,

वृत्तभाषांतराचे काम करणारे तीन वाचक
(धुळे, अमळनेर, शहादा)